ताकदीच्या गोळ्या

आर्णी,
३ ऑगस्ट १९६१

प्रिय घनश्याम,

डॉक्टर झाल्यावर मित्रांना पत्र लिहायचं नाही, असा काही कायदा नागपुरात झाला आहे काय? परवा बाजारात तुझे वडील बबनराव भेटले. विचारलं, घनश्यामचं काय चाललंय? तर म्हणाले, "मास्तर, तो आमाले तरी कुठी लिहिते! लोकायचे डोळे पाहून राह्यला, घराकडे पाहाले टाईम नाही त्याले." म्हणजे तू मलाच टाळत नाहीस, एवढं समाधान झालं.

आता कामाचं. माझी बहीण रुपी तुला आठवत असेल. यवतमाळला आपण एका खोलीत राहून शिकत होतो, तेव्हा वडिलांबरोबर ती यायची आणि तुझ्या चष्म्याला हसायची. आता सव्वीस वर्षांची आहे. आर्णीहून चार कोसांवर पळसतांड्यावर दिली आहे. नवरा खेमसिंग, सासू सोनीबाई, पाच वर्षांची मुलगी बसंती, घरची शेती. सगळं नीट चाललं होतं.

जूनच्या शेवटी तिचा उजवा डोळा सुजला. सगळ्यांना वाटलं रांजणवाडी असेल, जाईल. गेली नाही. डोळाच पुढे यायला लागला. आता तो खोबणीतून इतका बाहेर आला आहे की पापणी पुरती मिटत नाही. लाल झाला आहे, मागून ठणकतो, आणि एका माणसाची दोन माणसं दिसतात. मी भेटायला गेलो तर म्हणते, "भिया, तू एकच पुरत होता, आता दोन दोन दिसून राह्यला." आमच्यात भावाला भिया म्हणतात, हे तुला सांगायला नको. हसत होती, पण डोळ्यातून पाणी थांबत नव्हतं.

तांड्यावरच्या भगतानं तिच्या कानशिलावर तापल्या सळईनं डाग दिला. मला कळलं तेव्हा देऊन झाला होता. मग मी तिला यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, डोळ्याच्या मागे गाठ आहे, नागपूर गाठा. नागपुरात माझं तुझ्याशिवाय कोण आहे? काय करू ते उलट टपाली लिही.

तुझा
नेमसिंग


नागपूर,
८ ऑगस्ट १९६१

प्रिय नेमसिंग,

शिव्या पोचल्या. कबूल आहेत. दिवसाला दोनशे डोळे पाहिल्यावर पत्रासाठी माझे उघडे राहत नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

रुपीला घेऊन ये. पुढच्या आठवड्यातच ये, पेरणी-निंदणीची कारणं सांगू नको. डावा डोळा ठीक आहे का, ताप येतो का, हे येईपर्यंत लक्ष ठेवून पाहा. आमचे मोठे साहेब फार अनुभवी आहेत. मी त्यांच्या हाताखाली आहे, तेव्हा खाट मिळेल याची काळजी करू नको. कानशिलावरच्या डागाला खोबरेल लाव आणि पुन्हा कोणाला सळई तापवू देऊ नको.

तुझा
घनश्याम


आर्णी,
२६ ऑगस्ट १९६१

प्रिय घनश्याम,

सुखरूप पोचलो. नागपूरच्या आठ दिवसांत तू आमच्यासाठी जी धावपळ केलीस तिचे आभार मानणार नाही. मानले तर तू रागावशील.

त्या एक्स-रेच्या माणसानं मात्र रुपीची चांगलीच धास्ती घेतली असणार. आमच्या बायका केसांत दोन्ही कानशिलांवर चांदीच्या घुगऱ्या-टोपल्या घालतात. नवरा जिवंत असेपर्यंत त्या उतरवत नाहीत. तो बिचारा म्हणत होता, चांदीची सावली पडेल, फोटोत डोळा दिसणार नाही. ती म्हणत होती, मग फोटो नको. शेवटी खेमसिंगनं स्वतःच्या हातानं त्या सोडवल्या आणि फोटो निघेपर्यंत मुठीत धरून दाराशी उभा राहिला. तेव्हा कुठे ती त्या यंत्राखाली झोपली. तांड्यावर आल्यावर ही गोष्ट तिनं कोणाला सांगू दिली नाही.

आता खरं लिही. साहेब तिला तपासून तुझ्याशी इंग्रजीत बोलले, तेव्हा तुझा चेहरा उतरला. आम्हाला तू म्हणालास, फोटो पाहून कळवतो. दहा वर्षं तुझ्या शेजारी झोपलोय. काय आहे ते सांग.

तुझा
नेमसिंग


नागपूर,
२ सप्टेंबर १९६१

प्रिय नेमसिंग,

हे पत्र तू एकट्यानं वाच.

साहेबांच्या मते हा कॅन्सर आहे. डोळ्याच्या मागे, हाडाच्या खोबणीत. त्यांचं म्हणणं, डोळा आणि मागची गाठ लगेच काढून टाकावी, नाहीतर ती मेंदूकडे जाईल.

मला तसं वाटत नाही. साहेबांपुढे मी काल शिकलेलं पोर आहे, तरी वाटत नाही. कॅन्सर इतक्या झटपट वाढून इतका दुखत नाही, आणि एक्स-रेमध्ये आजूबाजूचं हाड शाबूत आहे. वाचनालयात बसून जुनी मासिकं चाळली. एक दुर्मिळ प्रकार सापडला. त्यात गाठ असते पण ती कॅन्सर नसते. नुसती सूज असते, कशानं येते ते कोणाला माहीत नाही, आणि ती साकळून गाठीसारखी घट्ट होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तुकडा काढून तपासावा म्हटलं तर जागा इतकी अडचणीची की तुकड्याबरोबर दृष्टी जायची. अशा कित्येकांचा डोळा कॅन्सर समजून काढला गेला आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की गाठ साधी होती. हे वाचून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण एक नवं औषध आहे, प्रेडनिसोलोन. साधी सूज असेल तर ते तिला उतरवतं, आणि आठ-दहा दिवसांत डोळा जागेवर येताना दिसतो. कॅन्सर असेल तर असा फरक पडत नाही. साहेबांशी भांडून मी तीन आठवडे मागून घेतले आहेत. त्यांनी दिले, पण म्हणाले, यात गाठ पसरली तर जबाबदारी तुझी.

तेव्हा नीट समजून घे. डोळा मागे गेला तर डोळा वाचला. नाही गेला तर काढावा लागेल, आणि मग एक दिवसही थांबता येणार नाही. रोज आठ गोळ्या, जेवणावर, एकवीस दिवस. तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पार्सल पाठवतो आहे.

एक विनंती. तांड्यावर कॅन्सर हा शब्द काढू नको. ही परीक्षा आहे हेही सांगू नको. लोक घाबरले की भगताकडे जातात, हे तू पाहिलंच आहेस. तू मास्तर आहेस, कसं सांगायचं ते तुला कळेल.

तुझा
घनश्याम


आर्णी,
१६ सप्टेंबर १९६१

प्रिय घनश्याम,

पत्र वाचलं आणि फाडून चुलीत टाकलं. बायकोनं, सुखीनं, विचारलं तर म्हणालो, शाळेच्या इन्स्पेक्टरचं होतं.

सातला पार्सल मिळालं, त्याच दिवशी सायकलनं तांड्यावर गेलो. रुपीला आणि सोनीबाईला सांगितलं की नागपूरच्या डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या आहेत, अशक्तपणामुळे डोळा सुजला आहे. सगळ्यांना पटलं. काल पुन्हा जाऊन आलो. गोळ्यांचा डबा पाहिला, रोजच्या आठप्रमाणे बरोबर संपत आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत ठणका जरा कमी झाला होता म्हणाली. पण आता पुन्हा तसंच आहे, आणि डोळा तेवढाच बाहेर आहे. आठ-दहा दिवस लिहिलं होतंस ना? मी रोज बोटांवर मोजतो.

तुला वाईटच बातम्या लिहायच्या नाहीत म्हणून तांड्यावरचं चांगलंही लिहितो. रुपीची सासू सोनीबाई चार वर्षं सांधे धरून खाटेवर होती. मी गेलो तर अंगणात बसून बसंतीची वेणी घालत होती. बोटं उघडतात म्हणाली, देवीची कृपा. शेजारच्या लालसिंगकाकाचा दमा उतरला आहे, म्हातारा उताणा झोपतो. समोरच्या देवसिंगचा वर्षानुवर्षांचा इसबसुद्धा सुकला. तांड्याला बरे दिवस आले आहेत. आमच्या रुपीलाच ते कुठे अडकून बसलेत कोण जाणे.

तुझा
नेमसिंग


नागपूर,
२० सप्टेंबर १९६१

प्रिय नेमसिंग,

सोनीबाईंची बातमी वाचून बरं वाटलं. त्यांना नमस्कार सांग. म्हाताऱ्यांच्या दुखण्याचा काही भरवसा नसतो, येतात तशी जातात.

पण रुपीचं वाचून बरं वाटलं नाही. नवव्या दिवशी काहीतरी दिसायला हवं होतं. साहेब रोज विचारतात, काय म्हणतोय तुझा बंजारणीचा डोळा? मी सांगतो, अजून आठवडा आहे. गोळी एकही चुकू देऊ नको.

तुझा
घनश्याम


आर्णी,
२८ सप्टेंबर १९६१

घनश्याम,

काल एकवीस दिवस पूर्ण झाले. डबा रिकामा आहे, एक गोळी इकडची तिकडे नाही. डोळा आणखी बाहेर आला आहे. आता तो तिला उजवीकडे वळवताच येत नाही.

तू म्हणालास ते कॅन्सर नसेल, म्हणून मी तीन आठवडे तग धरून होतो. आता तू सांगशील ते ऐकतो.

नेमसिंग


नागपूर,
१ ऑक्टोबर १९६१

प्रिय नेमसिंग,

साहेबांचं बरोबर होतं. मी चुकलो. पुस्तकातलं एखादं पान वाचून माणूस शहाणा होत नाही, आणि माझ्या शहाणपणापायी तिचे तीन आठवडे गेले. मला माफ कर.

सातला तिला घेऊन ये. नऊला ऑपरेशन आहे. खेमसिंगला आता सगळं सांग, त्याचा अंगठा लागेल. जीव वाचेल, एवढंच मी म्हणू शकतो. मी स्वतः तिथे असेन.

घनश्याम


आर्णी,
५ नोव्हेंबर १९६१

घनश्याम,

रुपी घरी येऊन दहा दिवस झाले. जखम बरी आहे. पदर उजवीकडून इतका खाली ओढून घेते की हनुवटी तेवढी दिसते. बसंती पहिले चार दिवस जवळ गेली नाही. आता जाते, पण डाव्या बाजूनं.

हे लिहायला बसलो नव्हतो. दुसरं लिहायचं आहे.

काल तांड्यावर गेलो. सोनीबाई पुन्हा खाटेला खिळली आहे. मला पाहून म्हणाली, "मास्तर, त्या ताकदीच्या गोळ्या अजून आना ना. त्या संपल्या अन् माहे हात पुन्हा वाकडे झाले. लालसिंगही बसून बसून रात काढून राह्यला." मी म्हणालो, कोणत्या गोळ्या? म्हणाली, "रुपीच्या. दोन मले, दोन लालसिंगले, दोन देवसिंगले, दोन तिले. रोज वाटे करत होती ती."

रुपी चुलीशी होती. मी शक्य तितक्या सहज विचारलं, असं काहून केलं गं? ती माझ्याकडेच नवलानं पाहायला लागली. "आठ गोळ्या एकटीनं कशा खावा, भिया? सासू समोर कण्हून राह्यली, अन् मी ताकद खात बसू?"

तुला आमची रीत ठाऊक आहे. तांड्यावर एक ससा मारला तरी घरटी वाटा जातो, आणि आजाऱ्याचा, म्हाताऱ्याचा आधी. त्या रीतीचा मला अभिमान आहे. शाळेत पोरांना सांगतो मी. आणि मीच तिला सांगितलं होतं की गोळ्या ताकदीच्या आहेत. औषध म्हणालो असतो तर तिनं कोणाला हात लावू दिला नसता. ताकद मात्र सगळ्यांनाच हवी असते.

मी चहा घेतला आणि परत आलो. आता तू सांग. आठांतल्या दोनच पोटात गेल्या, तर तुझी ती परीक्षा झाली का? गाठ तुम्ही तपासायला पाठवली होती, तिचं काय निघालं? तू काहीच कळवलं नाहीस. कॅन्सरच निघाला असं लिही. माझ्या बहिणीला कॅन्सर असावा अशी मी देवाकडे मागणी करतो आहे, इतकी माझी गत झाली आहे.

नेमसिंग


नागपूर,
९ नोव्हेंबर १९६१

नेमसिंग,

कॅन्सर नव्हता.

अहवाल पंचवीस ऑक्टोबरलाच आला. साधी सूज. मी तो खिशात घेऊन हिंडत होतो. वाटायचं, औषधानंही उतरली नसती अशी हट्टी सूज असेल, म्हणजे डोळा तसाही गेला असता. त्या आधारावर मी दोन आठवडे काढले. तुझ्या पत्रानं तो आधारही गेला. दोन गोळ्यांनी ती सूज हलणार नव्हती. आठांनी, माझी खात्री आहे, हलली असती.

तुझं सोळा सप्टेंबरचं पत्र काढून पुन्हा वाचलं. सांधे, दमा, इसब. नेमसिंग, हे औषध ज्या दुखण्यांना उतार देतं त्यांची यादी परीक्षेत विचारली तर मी हीच तीन नावं आधी लिहीन. एका तांड्यावर, एकाच आठवड्यात तिन्ही बरी झाली. तू ते कळवलंस, आणि मी म्हाताऱ्यांच्या दुखण्यांवर शेरा मारून मोकळा झालो. तू मास्तर आहेस, तुला कळायचं कारण नव्हतं. मला होतं. त्या दिवशी एक तार केली असती तरी आठवडा हातात होता.

खरं सांगू नको असं मीच तुला लिहिलं होतं. तू ताकद म्हणालास तो शब्द माझ्यामुळे तुझ्या तोंडी आला. साहेबांना आज सगळं सांगितलं. ते म्हणाले, आपण कोणीच तिला विचारलं नाही. मला काय शिक्षा घ्यावी हेही कळत नाही. तू सांगशील ती घेईन.

घनश्याम


आर्णी,
१६ नोव्हेंबर १९६१

घनश्याम,

पत्र मिळालं. कोणालाही दाखवलं नाही, दाखवणार नाही.

तुझ्यावर रागावून पाहिलं. जमलं नाही, राग फिरून माझ्याकडेच येतो. सोनीबाईवर रागवायला गेलो तर ती म्हातारी माझ्यासाठी भाकर टाकायला सुनेला हाक मारते. रुपीवर कशासाठी रागवायचं? तिला जर कळलं की सासूचे हात उघडण्यात तिचा डोळा गेला, तर ती त्या घरात सासूसमोर कशी बसेल? आणि सोनीबाईला कळलं तर ती किती दिवस जगेल? तेव्हा हे तुझ्या-माझ्यातच राहील.

काही दिवस पत्र लिहू नको. तुझं अक्षर पाहिलं की पाकीट उघडवत नाही.

नेमसिंग


आर्णी,
१९ फेब्रुवारी १९६२

घनश्याम,

रुपीचा डावा डोळा दुखायला लागला आहे. पापणी सुजली. काल खेमसिंग धावत आला तेव्हा मी शाळेत होतो, फळ्याकडे तोंड करूनच उभा राहिलो. आजूबाजूला पोरं होती म्हणून.

हाही गेला तर ती पुरती आंधळी. काय करायचं ते तारेनं कळव.

नेमसिंग


नागपूर,
२१ फेब्रुवारी १९६२

प्रिय नेमसिंग,

तार मिळालीच असेल. गोळ्या आजच्या मोटारीनं ओळखीच्या कंडक्टरच्या हाती पाठवतो आहे. ही दोन्ही डोळ्यांना होणारी तीच सूज आहे, साहेबांनाही आता शंका नाही. सुरी कोणी हातात घेणार नाही.

पण तिला तांड्यावर ठेवू नको. तुझ्या घरी आर्णीला आण. आठही गोळ्या तू स्वतः तिच्या हातावर ठेव आणि गिळेपर्यंत समोरून हलू नको. रोज एक कार्ड टाक. नुसतं "फरक आहे" किंवा "नाही" लिहिलंस तरी चालेल.

घनश्याम


आर्णी,
८ मार्च १९६२

प्रिय घनश्याम,

कार्डांवर मी रोज एकच शब्द लिहिला, आता सविस्तर लिहितो. दुसऱ्या दिवशी ठणका गेला. चौथ्या दिवशी पापणी उघडली. सहाव्या दिवशी डोळा जागच्या जागी. काल ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, बारीक खडासुद्धा तिच्या नजरेतून सुटत नव्हता.

सुखी पेढे घेऊन आली. मी एक तोंडात टाकला आणि मागच्या दारी जाऊन रडलो. सहा दिवस, घनश्याम. सहा दिवसांचंच काम होतं. ती बरी होईपर्यंत मला एक लबाड आशा होती, की कदाचित तेव्हाही उपयोग झाला नसता. आता तीही उरली नाही. बहिणीचा डोळा वाचला या आनंदात मला शिरताच येत नाही.

पहिल्या दिवशी तिनं आठ गोळ्या हातावर घेतल्या आणि दोन सुखीपुढे धरल्या. "भाभी, तुही कंबर दुखते ना." मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारची माणसं डोकावली. मग तिनं गुपचूप सगळ्या गिळल्या. नंतर विचारलं, "भिया, त्या मागच्याच गोळ्या होय का ह्या?" मी म्हणालो, नाही, हे औषध नवीन निघालं आहे, तेव्हा नव्हतं. ती म्हणाली, "मंग बरं झालं." आणि सुपाकडे वळली.

महिनाअखेर खेमसिंग तिला तुझ्याकडे तपासायला आणेल. तिनं विचारलं तर तूही नवीनच सांग. शेवटचं खोटं समज.

तुझा
नेमसिंग


नागपूर,
२ एप्रिल १९६२

प्रिय नेमसिंग,

रुपी येऊन गेली. डावा डोळा उत्तम आहे. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ तिला दिसते, एवढं मला चष्मा लावूनही दिसत नाही. गोळ्या हळूहळू कशा कमी करायच्या ते खेमसिंगला तीनदा पाठ करून घेतलं आहे. या वेळी औषध म्हणजे काय, कशासाठी, न घेतलं तर काय होईल, सगळं सांगितलं. सोनीबाईंना आणि लालसिंगकाकांना यवतमाळला दाखवायला ने, मी चिठ्ठी देतो. त्यांना त्यांचं वेगळं औषध मिळू दे.

आता जे लिहितो ते लिहू नका असं तिनं मला सांगितलं आहे.

तपासणी झाल्यावर तिनं खेमसिंगला औषधाच्या खिडकीशी पाठवलं आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. म्हणाली, "डाक्टरसाहेब, ह्या त्याच गोळ्या होत्या ना?" तुझं ते शेवटचं खोटं पाळायचं होतं. म्हणालो, नाही, नवीन आहेत. ती हसली, लहानपणी चष्म्याला हसायची तशीच. म्हणाली, "एकवीस दिवस ह्या हातानं वाटे केले म्या. मले गोळी वळखू येनार नाही काय?"

मग थेट विचारलं, "साऱ्या म्याच खाल्ल्या असत्या, त तो डोळा राह्यला असता?"

नेमसिंग, मी डॉक्टर झाल्यापासून लोकांना बरंच काही गोड करून सांगितलं आहे. त्या एका डोळ्यासमोर मला ते जमलं नाही. मी हो म्हणालो.

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. म्हणाली, "मले तवाच कळलं, भिया वरडला तवा. असा तो कधी वरडत नाही. पन त्याले सांगू नोका, मले मालूम हाय म्हनून. ताकदीच्या म्हनून त्यानंच सांगितलं होतं. तो जिवाले लावून घेईन. सासूलेही नोका सांगू." तेवढ्यात खेमसिंग आला. तिनं पदर ओढला आणि उठली.

मी मान हलवली होती, तरी तुला लिहितो आहे. मी तुला सांगू नको म्हणालो, तू तिला सांगितलं नाहीस, तिनं मला सांगू नका म्हटलं. आपण तिघंही एकमेकांना जपत आलो आणि त्या जपण्यातच तिचा डोळा गेला. आता माझ्याकडून हे होणार नाही. ती माझ्यावर रागावली तर तो राग मी घेईन.

तू आणि ती एकमेकांसमोर बसून, कोणाला काही ठाऊक नाही असं दाखवत, आयुष्य काढणार का? तिच्याकडे जा आणि बोल. सोनीबाईला सांगायचं की नाही ते तीच ठरवू दे. तो हक्क तिचा आहे.

एकट्याला जाववत नसेल, हे मला कळतं. मलाही तिच्या घरी जाऊन माफी मागायची आहे, ती मी अजून मागितलेली नाही. साहेबांनी दोन दिवसांची रजा दिली आहे. रविवारी सकाळच्या मोटारीनं आर्णीला उतरतो. घरी वडिलांना कळवलेलं नाही, आधी तुझ्याकडेच येईन. सायकल तयार ठेव, मी मागे बसेन.

तुझा
घनश्याम